टाय कॉबचा दाखला देण्याआधी

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. सोळा वर्षांचा मुलगा शाळेच्या बेसबॉल संघात आहे. पंचांशी भांडून हेल्मेट आपटल्यामुळे त्याच्यावर दोन सामन्यांची बंदी आली. मी त्याला रागावलो नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा थोर बेसबॉलपटू टाय कॉबही असाच तापट होता आणि त्यातूनच मोठा झाला. या बंदीचा कॉलेजच्या स्कॉलरशिपवर परिणाम होईल का? – एक पालक

उत्तर : तुमच्या मूळ पत्रात मुलाच्या रागावर चार ओळी आहेत. बाकी पानभर मजकूर तुम्ही त्याच्या प्रत्येक खेळीचं कसं शूटिंग करता आणि घरी येताना गाडीत त्याची कशी झाडाझडती घेता, याचा. मला घोर लागला तो या पानाचा. ते हेल्मेट पंचांवरच्या रागाने आपटलं की गाडीतल्या प्रवासाच्या धास्तीने?

कॉब तुम्हीच काढलात, तर त्याचे वडीलही बघा. जॉर्जियातले शिक्षक, राज्याचे सिनेटर. मुलाने शिकून मोठ्या पेशात जावं ही इच्छा. तो खेळायला निघाला तेव्हा हरून घरी येऊ नकोस, असं त्यांनी बजावल्याचं कॉबच सांगे. ऑगस्ट 1905 मध्ये कॉबच्या आईच्या हातून गोळी लागून ते गेले. चोर समजून झाडली, असं तिचं म्हणणं, आणि कोर्टाने तिला निर्दोष सोडलं. तीन आठवड्यांनी अठरा वर्षांचा कॉब डेट्रॉइटच्या व्यावसायिक संघाकडून पहिला सामना खेळला. ज्यांना करून दाखवायचं तेच बघायला नव्हते.

रागामुळे तो मोठा झाला, हा तर निव्वळ गैरसमज. 1936 मध्ये हॉल ऑफ फेमच्या, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीच्या, पहिल्या निवडीत त्याला 226 पैकी 222 मतं पडली, बेब रूथसारख्या दिग्गजापेक्षाही जास्त, ती त्याच्या बॅटिंगला. रागाची कमाई वेगळी आहे. मे 1912 मध्ये न्यूयॉर्कला तो शिव्या देणाऱ्या प्रेक्षकाला मारायला स्टँडमध्ये घुसला. त्या माणसाला एक हात नव्हता, दुसऱ्याची तीन बोटं नव्हती. कॉब निलंबित झाला, सहकाऱ्यांनी त्याच्यासाठी संप केला आणि ऐनवेळी गोळा केलेला बदली संघ फिलाडेल्फियात 24-2 असा हरला. (प्रतिस्पर्ध्यांना जखमी करायला बुटांच्या खिळ्यांना धार लावायचा वगैरे गोष्टींवर फार विसंबू नका, त्यात तिखटमीठ पुष्कळ आहे.)

स्कॉलरशिपचं थोडक्यात : कॉलेजच्या खेळांचे तीन स्तर असतात; डिव्हिजन वन-टूमध्ये मिळते, थ्रीमध्ये खेळासाठी मिळत नाही, मार्क सगळीकडे लागतात. आणि हो, बाद झालेला मुलगा डगआउटमध्ये, म्हणजे संघाच्या बाकावर, कसा परततो, हेही कोच बघतात.

पुढचे काही सामने तुम्ही जाऊच नका. शाळेच्या कौन्सेलरकडे त्याला एकट्याला जाऊ द्या, तुम्ही वेगळी वेळ घ्या. त्याला बेसबॉल खेळायचंय का, हे एकदा विचारा. नाही म्हणाला, तर वाद न घालता मला पुन्हा लिहा.