ट्रेलरचं चाक घेण्याआधी

भाऊ, गोसेखुर्द धरणाच्या पाण्यावर डोंगा न्यायला ट्रेलर बनवतोस ते बरंच झालं, पण चाकं भंगारातून डोळे मिटून उचलू नको. आधी वजन धर. डोंगा, इंजिन, जाळी, बर्फाची पेटी, ट्रेलरचा सांगाडा, सगळं. तळाशी साचलेलं पाणीसुद्धा, लिटरमागे किलो.

मग टायरची बाजू वाच. 145/80 आर 12 74 असं असेल तर रुंदी 145 मिलिमीटर, बाजूची उंची त्याच्या 80 टक्के, रिम 12 इंची. खरा कामाचा तो शेवटचा 74, वजनाचा सांकेतिक आकडा. म्हणजे एक टायर 375 किलो झेलतो, दोन मिळून 750. आपले पांदण रस्ते पाहता मी सहाशेच्या वर जाणार नाही.

मोठं चाक खड्ड्यात कमी आपटतं, पण डोंगा उंच बसतो आणि उतरवताना ट्रेलर जास्त खोल पाण्यात न्यावा लागतो.

चार नटांची रिम असेल तर समोरासमोरच्या छिद्रांचं मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोज, हबशी, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाशी, तंतोतंत जुळलं पाहिजे. मी एकदा ठोकून बसवली होती. पवनीच्या अलीकडे चाक धानाच्या बांधीत अन् डोंगा रस्त्यावर!

टायरवर 2319 दिसलं तर तो 2019 च्या 23 व्या आठवड्यातला. नक्षी कितीही चांगली असो, इतका जुना घेऊ नको.

आणि धरणावर पोचल्याबरोबर ट्रेलर पाण्यात घालू नको. तापलेल्या हबमधली हवा थंड पाण्यात आकसते, बेअरिंगमध्ये पाणी ओढते. आधी निवांत चहा घे. स्टेपनी त्याच मापाची ठेव.