रक्ताची उलटी झाली पण एन्डोस्कोपीत अल्सर नाही, मग रक्त आलं कुठून?

वडिलांच्या बाबतीत तुम्ही हे विचारलंय, तर एक शक्यता ड्यूलाफॉय लीजनची आहे. जठराच्या आतल्या अस्तराकडे येताना रक्तवाहिनी बारीक होत जाते, पण काहींच्यात एखादी धमनी १ ते ३ मिमी जाडच राहते आणि तिच्या ठोक्यांनी वरचं अस्तर झिजून ती फुटते, भळाभळा रक्त येतं आणि मग आपोआप थांबतं, म्हणून नंतर दुर्बीण घातली की कधीकधी काहीच दिसत नाही. बहुतेक वेळा जागा जठराच्या वरच्या भागात असते. त्यामुळे पहिली एन्डोस्कोपी नॉर्मल आली म्हणून घरी निवांत बसू नका प्लीज, परत रक्त आलं किंवा डांबरासारखी काळी शी झाली तर लगेच अ‍ॅडमिट करा, सापडलं की क्लिप किंवा बँड लावून बहुतेकदा थांबतं.

आणि हो, वडिलांच्या पोटातल्या महाधमनीत पूर्वी कधी ग्राफ्ट (कृत्रिम नळी) बसवलाय का? असेल तर हे डॉक्टरांना सगळ्यात आधी सांगा, कारण ग्राफ्ट आणि लहान आतडं यांच्यात भोक पडू शकतं, त्यात आधी थोडंसं रक्त येऊन थांबतं आणि नंतर काही तासांत किंवा दिवसांत जिवावर बेतणारा रक्तस्राव होतो. तिथे सीटी अँजिओ (रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन) ताबडतोब लागतो.