ब्लॉकलिस्टमध्ये घरचाच माणूस अडकला

तुमचे दोन प्रश्न आहेत. जीटीके-न्यूटेला (फाइली वाटून घ्यायच्या न्यूटेला नेटवर्कचा प्रोग्रॅम) टाकल्यावर सोबत आलेली 'होस्टाइल्स' फाइल ठेवावी की उडवावी? आणि कुणीतरी दिलेली, बंद करायच्या आयपी पत्त्यांची (नेटवरच्या मशीनच्या क्रमांकांची) लाखो ओळींची यादी क्यूबिटटॉरेंट या टॉरेंटच्या प्रोग्रॅममध्ये भरावी का? पहिलीला हात लावू नका, दुसरी भरू नका. आता कारणं सांगतो, थोडी लांबण लागेल.

न्यूटेलावर शोध टाकला की उत्तर कुठलंही मशीन देऊ शकतं. त्यात काही मशीनं अशी असतात की तुम्ही काहीही विचारा, ते त्यांच्याकडे असतंच. 'खखखटटट' शोधा, 'खखखटटट' नावाची फाइल हजर. उतरवून उघडलीत की आत जाहिरात, नाहीतर व्हायरस. होस्टाइल्समध्ये असल्या उपद्रवी पत्त्यांची नोंद असते. साधी टेक्स्ट फाइल आहे, एका ओळीवर एक पत्ता किंवा पत्त्यांचा पट्टा. ती प्रोग्रॅम लिहिणारेच सांभाळतात, त्यामुळे नव्या आवृत्तीबरोबर नवी यादी येते. स्वतःची भर घालायची तर मूळ फाइलीत खाडाखोड करू नका, पुढच्या अपडेटला पुसली जाईल. होम फोल्डरमधल्या लपलेल्या जीटीके-न्यूटेला फोल्डरात त्याच नावाची वेगळी फाइल ठेवा. शिवाय वेडीवाकडी उत्तरं देताना सापडलेल्या मशीनला प्रोग्रॅम स्वतःहूनही काही काळ वाळीत टाकतो.

सोबत 'बोगॉन्स' नावाची आणखी एक फाइल दिसेल. जे पत्ते अजून कुणालाच वाटलेले नाहीत, त्यांची ती यादी. अशा पत्त्यावरून कुणी बोलत असेल तर तो तोतया, हा तर्क. तर्क बरोबर आहे, पण यादी शिळी होते. जीटीके-न्यूटेलाने हे ओळखून फाइल फार जुनी झाली की तिच्याकडे दुर्लक्ष करायची सोय ठेवली आहे. नेटवर फिरणाऱ्या मोठ्या याद्यांना असली अक्कल नसते.

याचा फटका मी खाल्लाय. गावच्या दशावताराचं रेकॉर्डिंग, चाळीसेक जीबी, मी टॉरेंट करून, म्हणजे माझ्या मशीनवरून थेट त्याच्या मशीनवर, कुडाळच्या मावसभावाला देत होतो. माझ्याकडे पब्लिक आयपी (बाहेरून थेट गाठता येणारा पत्ता), पोर्ट (जोडणी आत यायचं दार) उघडलेलं, तरी त्याचं शून्य टक्क्यावर अडलेलं. दोन संध्याकाळी राउटरला शिव्या घातल्या. शेवटी क्यूबिटटॉरेंटच्या लॉगमध्ये 'ब्लॉक्ड आयपी' हा टॅब उघडला, तर भावाचा पत्ता ओळीने पंचवीस वेळा! मीही अशीच एक यादी भरून ठेवली होती, तिच्यात शोधलं तेव्हा ही ओळ सापडली:

०४९.०००.०००.००० - ०४९.२५५.२५५.२५५ , ००० , न वाटलेले

म्हणजे एका ओळीत १ कोटी ६७ लाख पत्ते बंद. ही ओळ एके काळी खरीही होती. ४९ ने सुरू होणारा गठ्ठा एपनिककडे (आशिया-पॅसिफिकमध्ये पत्ते वाटणारी संस्था) आला तो २०१० मध्ये आणि १०६ चा २०११ मध्ये. आज भारतातल्या ग्राहकांचे ढीगभर पत्ते ४९ आणि १०६ नेच सुरू होतात. जुनी यादी कॉपी करत पुढे सरकवणाऱ्यांपैकी कुणी ती ओळ काढलीच नाही.

लोक या याद्या भरतात ते पाळत ठेवणाऱ्या कंपन्यांपासून लपायला. तेही नीट साधत नाही. २०१२ साली बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी बिटटॉरेंटवरचे पाळतखोर तपासले, तेव्हा या याद्यांमधून खरे पाळतखोर निसटलेले आढळले आणि भलतेच पत्ते अडकलेले. ते राहू द्या, मुळात यादीने फक्त जोडणी नाकारली जाते. तुमचा पत्ता ट्रॅकर (कुणाकडे फाइल आहे ते सांगणारा सर्व्हर) आणि डीएचटी (तेच काम मशीनमशीनमध्ये वाटून घेणारी व्यवस्था) मागेल त्याला देतच राहतात. दाराला कुलूप लावलंत तरी पाटी बाहेरच आहे ना! त्यात आता एकाच पब्लिक आयपीमागे शेकडो घरं असतात. एकाने आगळीक केली म्हणून तो पत्ता यादीत गेला की बाकीचेही बसले बोंबलत.

यादी आधीच भरली असेल तर ऑप्शन्समध्ये कनेक्शन, त्याखाली आयपी फिल्टरिंग, तिथली टिक काढा. कुणी खरंच कचरा डेटा पाठवत असेल तर पीअर्सच्या (जोडलेल्या समोरच्या मशीनच्या) टॅबमध्ये त्याच्यावर राइट क्लिक करून त्या एकालाच कायमचं बंद करता येतं. मी वर्षभरात असे दोनच बंद केलेत.