निपाणीची बासरी पाहायला जाण्यापूर्वी

चि. बाळ, अनेक आशीर्वाद.

निपाणीच्या त्या गृहस्थांनी आपल्या संग्रहातील जुनी विलायती लाकडी बासरी विकायची तयारी दाखवली असून येत्या रविवारी तू पैसे घेऊनच निघणार आहेस, हे तुझ्या पत्रावरून कळले. आनंद झाला, पण तुझी घाईही जाणवली, म्हणून सविस्तर लिहीत आहे. अशा बासरीत बिघडले तरी दुरुस्त होते ते आणि एकदा गेले की परत येत नाही ते, असे दोन भाग मनात वेगळे ठेवून जा. कळांखालच्या गाद्या, सांध्यांवरचा दोरा, वाळलेले बूच, मोडलेली स्प्रिंग हे सारे बदलता येते. फुंकेचे छिद्र आणि आतली पोकळी मात्र कारागिराने एकदाच कोरलेली असते. किंमत ठरवायची ती या दोन गोष्टींवर.

तू आषाढात निघाला आहेस, याची मला खरी काळजी वाटते. आपल्या भागात पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की लाकूड फुगते आणि केसाएवढी भेग मिटून दिसेनाशी होते. तुझ्याच वयाचा असताना मी ऐन श्रावणात एक काळी, आठ कळांची बासरी घेतली होती. फाल्गुनात कोरडे वारे सुटले आणि एका सकाळी पेटी उघडली, तर वरच्या भागावर फुंकेच्या छिद्रातून थेट टोकापर्यंत उभी भेग गेलेली. नख लावताच त्यातून काळ्या मेणाची बारीक वळी निघाली. भेग जुनीच होती, कोणीतरी ती मेणाने बुजवून वर पॉलिश मारले होते. विकणाऱ्याने ते सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

अशी भेग या बासऱ्यांना वरच्याच भागात का पडते, हे समजून घे. एकोणिसाव्या शतकातील बहुतेक इंग्रजी बासऱ्यांच्या वरच्या भागात, सूर वरखाली करता यावा म्हणून, धातूची सरकती नळी बसवलेली असते. लाकूड वर्षानुवर्षे आकसते, धातू आकसत नाही, आणि शेवटी लाकूड फाटते. म्हणून भेग दिसली की लगेच नकार देऊ नकोस; जाणत्या हाताने ती नीट सांधता येते. भेग फुंकेच्या छिद्राच्या कडेला भिडली आहे का, एवढे मात्र टॉर्च तिरकी धरून अवश्य पाहा.

ते छिद्र पाहण्यात निम्मा वेळ गेला तरी चालेल. ते लंबवर्तुळाकार असते, आणि त्याची पलीकडची कड, जिच्यावर फुंक फुटते, ती धारदार व सलग हवी. जास्त मोठा आवाज काढण्याच्या हौसेने कोणी ते कानशीने वाढवले असेल, तर कडेवर निराळी चकाकी किंवा चपटेपणा दिसतो. अशी बासरी फुकट मिळाली तरी वाजवण्यासाठी घेऊ नकोस. मग कॅलिपर लावून प्रत्येक तुकड्याच्या टोकाशी पोकळीचा व्यास आधी एका दिशेने आणि नंतर तिला काटकोनात मोज. लाकूड सगळ्या दिशांना सारखेच आकसत नाही, त्यामुळे दोन मापांत थोडा फरक सापडणारच. तो अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास गेला, तर सूर बिघडलेले असण्याची शक्यता धरून चाल. मधल्या तुकड्याची छिद्रे बोटांनी आणि खालचे टोक तळव्याने बंद करून वरून हवा ओढ. ओठ क्षणभर चिकटून राहिले, तर गळती नाही.

सुराबद्दल तुझ्यासारख्या बांबूच्या बासरीवर वाढलेल्याला एक सोय आहे. या बासरीलाही बोटांची सहा छिद्रेच असतात. वरची तीन झाकून येणारा स्वर तू षड्ज मानलास, की सगळी झाकल्यावर खालचा पंचम आणि सगळी उघडल्यावर तीव्र मध्यम मिळतो, अगदी बांबूच्या बासरीसारखे. तो षड्ज साधारण पांढरी पाचचा, म्हणजे हार्मोनियमच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीचा येईल. मात्र लंडनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘ए’ (A) हा पाश्चात्त्य स्वर सेकंदाला ४५२ कंपनांच्या आसपास ठेवण्याची रीत होती आणि लष्करी बँडने ती पुढेही बरीच वर्षे टिकवली. आज तो ४४० असतो. तशी बासरी निघाली, तर तुझा षड्ज पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधोमध पडेल. पाश्चात्त्य वाद्यवृंदात हा मोठा दोष. तू तंबोऱ्यावर वाजवणार असशील, तर तंबोरा बासरीला मिळवून घेता येतो. हार्मोनियमबरोबर वाजवायचे असेल, तर सरळ नकार दे. नळी बाहेर ओढून सूर उतरतो, पण सप्तके एकमेकांशी जुळत नाहीत.

शिक्क्याला भुलू नकोस. ‘नाख मायर’ असे कोरलेले असेल, तर त्या जर्मन शब्दांचा अर्थ ‘मायर या कारागिराच्या पद्धतीची’ एवढाच होतो, मायरने बनवलेली असा नव्हे. काळे लाकूड म्हणजे शिसवी असे आपल्याकडे सरसकट म्हणतात. त्या काळच्या चांगल्या इंग्रजी बासऱ्या बहुधा वेस्ट इंडिजमधील कोकस लाकडाच्या असत. सांध्यांवर पांढरी कडी असतील, तर भिंगाखाली पाहा: हाडात बारीक काळपट ठिपके दिसतात, हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. हस्तिदंत निघाले, तर व्यवहार तिथेच थांबव. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्याचा व्यापार आपल्या देशात बंद आहे.

ते गृहस्थ वयाने मोठे आहेत. वाद्य त्यांनी स्वतः हातात दिल्याशिवाय उचलू नकोस, आणि किती वर्षांत फुंक लागलेली नाही, हे विचारल्याशिवाय ओठाला लावू नकोस. वर्षानुवर्षे कोरडी पडलेली बासरी अर्धा तास फुंकलीस, तर आतून ओल धरून ती तुझ्याच हातात फाटेल. पाच मिनिटे पुरे, आणि घरी आणल्यावरही पहिला आठवडा रोज तेवढेच. बासरी बेळगावच्या कॅम्पातल्या कोणा साहेबाची होती वगैरे हकिगत ते सांगतील, ती मनापासून ऐक आणि त्यांच्यासमोरच वहीत लिहून घे, कारण ती त्यांच्याबरोबर जाईल. किंमत मात्र त्या हकिगतीची देऊ नकोस. घासाघीसही नको, पाहिलेले दोष त्यांना नीट दाखव, दुरुस्तीला काय लागेल ते सांग आणि आकडा त्यांनाच बोलू दे.

जमले, तर अर्धी रक्कम आता आणि अर्धी शिमग्यानंतर, लाकूड कोरडे झालेले पाहून, असे विचारून बघ. ज्यांनी वाद्य इतकी वर्षे जपले, त्यांना यात गैर वाटण्याचे कारण नाही. माझे कॅलिपर आणि भिंग शनिवारी संध्याकाळी घरी येऊन घेऊन जा.

तुझा,
काका