एकविसावं शतक २००० ला सुरू झालं की २००१ ला? आणि जगात सर्वात आधी कुठे?

१ जानेवारी २००१ ला. इसवी सनात शून्य साल नाही, इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येतं. म्हणून शंभर वर्षं १०० साल संपल्यावरच भरतात, आणि २००० हे विसाव्या शतकाचं शेवटचं वर्ष ठरतं. जल्लोष मात्र जगाने वर्षभर आधीच केला.

'कुठे' याचं उत्तर मला जास्त आवडतं. प्रशांत महासागरातल्या किरिबाटी देशाच्या मधूनच आंतरराष्ट्रीय वाररेषा जायची. पश्चिमेच्या बेटांवर सोमवार, तर पूर्वेला अजून रविवार! आठवड्यात दोन्हीकडची सरकारी कामं जुळायची जेमतेम चार दिवस. म्हणून १९९५ सुरू होताना पूर्वेकडच्या बेटांनी एक अख्खा दिवसच गाळला आणि रेषा पूर्वेला सरकली. त्यातल्या सर्वात पूर्वेच्या बेटांवरची वेळ आता ग्रिनिचच्या १४ तास पुढे, म्हणजे जगात सर्वात पुढे. आपल्याकडे ३१ डिसेंबरचे दुपारी साडेतीन वाजतात तेव्हा तिथे नवं वर्ष लागतं. तिथल्याच कॅरोलाइन या निर्जन बेटाला पुढे 'मिलेनियम आयलंड' नाव दिलं गेलं.

आपल्या पंचांगात मध्यरात्रीला हा मान नाहीच. सूर्योदयाला चैत्र शुद्ध प्रतिपदा असेल त्या दिवशी गुढी उभारायची, नवं शक तिथून.