लेकराला ‘घरघर’ लागत नाही, छाती वाजते!

परभणीकडच्या एका आशाताईंचा प्रश्न: दम्याच्या माहितीपत्रकात ‘बाळाला घरघर लागते’ असं छापलंय, गावात मात्र ‘लेकराची छाती वाजायलीय’ म्हणतात, बरोबर कोणतं?

गावातलं! घरघर लागते ती शेवटच्या घटकेला. कारखान्याला घरघर लागली असं पेपरात छापतात तेही त्याच अर्थानं. असलं पत्रक एखाद्या आईच्या हातात देववतं तरी कसं? चरकसंहितेत तमकश्वासाच्या, म्हणजे आयुर्वेदातल्या दम्याच्या, वर्णनात ‘घुर्घुरक’ आहे, म्हणून घरघर चालते, असं एक कोशप्रेमी ठासून सांगत असतात. संस्कृतात चालत असेल. मराठीत तिला ‘लागणे’ जोडलं की अर्थ ठरला.

छाती वाजते ती बहुतेक श्वास सोडताना, बारीक सुंईसुंई. आतल्या लहान श्वासनळ्या आवळलेल्या असतात. कारण दमा, विडी किंवा वर्षानुवर्षांचा चुलीचा धूर. आवाज श्वास घेताना आणि खरखरीत आला, तर अडचण वर, घशाशी. शेंगदाणा श्वासनळीत गेलेल्या लेकराची एकाच बाजूची छाती वाजू शकते. हृदय कमजोर झालेल्या म्हाताऱ्या माणसाची रात्री आडवं झाल्यावर वाजते, तो दमा नव्हे. आणि वाजणारी छाती एकदम गप्प झाली, पण धाप तशीच राहिली, तर ते बरं वाटणं नाही. तडक दवाखाना गाठायचा.

आता ‘दमा’. हा फारसी. दम म्हणजे श्वास, दमीदन म्हणजे फुंकणे. मराठवाड्यात १९४८ पर्यंत कचेरीची भाषाच उर्दू, त्यामुळे आम्हाला तो कधी परका वाटला नाही. भाषाशुद्धीवाल्यांना मात्र तो सोसवत नाही. श्वासाचं दमन करतो तो दमा, अशी व्युत्पत्ती ते छातीठोकपणे सांगतात. साफ चूक! फारसी ‘दम’चा सख्खा भाऊ आहे संस्कृत ‘ध्मा’ हा धातू, म्हणजे फुंकणे. गीतेच्या पहिल्या अध्यायात भीष्म शंख फुंकतात, तिथलं ‘दध्मौ’ हे त्याचंच रूप. धमनीही त्याच घरातली, मुळात फुंकायची नळी. दमा मराठीत इतका सहज मुरला तो या जुन्या सोयरिकीमुळेच, असं माझं ठाम मत आहे.

आणि धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, या ध्माचा अर्थ काय दिलाय? ‘शब्दाग्निसंयोगयोः’. विस्तव फुंकणं नंतर, आधी शब्द, म्हणजे आवाज. दमनवाल्यांनी एवढी एक ओळ तरी उघडून बघावी. छातीचं वाजणं या धातूच्या पोटातच आहे.