डोक्यात चाललेली मालिका

प्रश्न : मुलगी दहावीत आहे. शाळेतून आली की हेडफोन लावून खोलीत येरझाऱ्या घालते, स्वतःशीच हसते, पुटपुटते. विचारलं तर म्हणते, ‘माझी गोष्ट चालू आहे.’ चौथीपासूनची ही गोष्ट. त्यातल्या बेटाचे नकाशेसुद्धा काढलेत. सासूबाई म्हणतात, बाहेरचं असेल, दाखवून आणा. सहामाहीत गणितात घसरली आहे. काय करू?
— एक आई, कराड

उत्तर : बाहेरचं काही नाही, त्या वाटेला जाऊच नका. हे सगळं आपणच रचलंय याचं तिला पुरतं भान आहे, ही मोठी जमेची बाजू. एवढ्या वर्षांची गोष्ट नकाशांसकट सांभाळणं हे खरं तर कौतुकाचं काम आहे. प्रश्न इतकाच की गोष्ट तिच्या हातात आहे, की गोष्टीवाचून तिला राहवतच नाही? न राहवणाऱ्या प्रकाराला मानसशास्त्रज्ञ एली सोमर यांनी २००२ मध्ये ‘मॅलअ‍ॅडॅप्टिव्ह डेड्रीमिंग’ असं नाव दिलं. येरझाऱ्या, गाणी, चेहऱ्यावरचे हावभाव त्यात बऱ्याचदा दिसतात. पण आजारांच्या अधिकृत यादीत ते अजून नाही. इंटरनेटवरची चाचणी भरून पोरीला शिक्का मारू नका.

आधी आठवडाभर नोंद ठेवा, आणि तीही तिनेच : गोष्ट कधी सुरू झाली, किती वेळ चालली, त्याआधी काय घडलं. बहुधा एखादं गाणं, कंटाळा किंवा कुणाचं लागलेलं बोलणं सापडतं. गणिताचं पुस्तक उघडलं की गोष्ट सुरू होत असेल, तर दुखणं गणितात आहे. आठवीचं बीजगणित कच्चं राहिलंय का ते बघा.

अभ्यासाला बसताना गाणी बंद. २५ मिनिटं अभ्यास, मग ५ मिनिटं गच्चीत चक्कर, हेडफोनशिवाय. मध्येच गोष्ट आली तर शेजारच्या वहीत दोन ओळी टिपायच्या आणि परत उदाहरणाकडे वळायचं. संध्याकाळचा अर्धा तास मात्र गोष्टीचा, दार लावून, तिच्या हक्काचा. हेडफोन हिसकावलात तर गोष्ट थांबत नाही, रात्री पांघरुणात जाते. या वयात ८ ते १० तास झोप लागते. ती कमी पडली की वर्गात लक्ष लागत नाही, आणि मन पुन्हा बेटावर. पाहुण्यांसमोर तिची नक्कल तर मुळीच नको.

महिनाभरात फरक नसेल तर समुपदेशकांकडे जा. पण आवरता न येणारे आवाज ऐकू येणं, लोक आपल्यावर पाळत ठेवतात असं वाटणं, अंघोळ-जेवण सुटणं, मैत्रिणी तुटणं, मरणाची भाषा, यांतलं काहीही दिसलं तर महिना मोजत बसू नका, थेट मानसोपचारतज्ज्ञ गाठा. ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रीही चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

प्रश्न : मी अकरावीत आहे. मला प्रत्येक अंकाला रंग असल्याचं जाणवतं. ४ हिरवा, ७ तपकिरी. मित्र हसतात. मी वेडा आहे का?
— विद्यार्थी, लातूर

उत्तर : अजिबात नाही. तू सांगतोस तो प्रकार सिनेस्थेशियाचा दिसतो, म्हणजे एका जाणिवेसोबत दुसरी आपोआप उमटते, जशी तुला अंकासोबत रंगाची. नोबेल विजेते रिचर्ड फाइनमन यांनाही समीकरणांतली अक्षरं रंगीत दिसत. खात्री करायची तर ० ते ९ अंक आणि क ते म ही अक्षरं उलटसुलट क्रमाने लिही, पुढे रंग नोंदव. नुसतं ‘हिरवा’ नको, ‘कच्च्या कैरीचा हिरवा’ असं नेमकं लिही. कागद आईकडे दे आणि महिन्याने न बघता पुन्हा लिही. खरा सिनेस्थेशिया असेल तर बहुतेक रंग तेच येतात; कल्पनेने लिहिलेले बरेचसे बदलतात. घरात विचारून बघ, रक्ताच्या नात्यात हे आढळतं. सनावळ्या पाठ करायला तुझे रंग कामाला येतील. नोट्स मात्र काळ्या शाईत काढ. छापलेला रंग आणि तुझा रंग जुळला नाही की नजर अडखळते. आणि हे रंग लहानपणापासून नसून डोक्याला मार लागल्यावर, फिट आल्यावर किंवा नव्या औषधानंतर सुरू झाले असतील, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखव.